पूर्णा नागपूरला निघाली तो दिवस

अहो, ऐकलं का,

पत्रात तरी नावानं सुरुवात करावी असं मनात आलं होतं. पण तुम्ही होतात तोवर उखाण्यापुरतं सोडलं तर कधी नाव घेतलं नाही. आता घ्यायचं म्हणजे तुमच्या माघारी चहाडी केल्यासारखं वाटतं. म्हणून आपली रोजचीच हाक. स्वयंपाकघरातून ही हाक मारली की तुम्ही "आलो, आलो" म्हणायचात आणि अंगणातच पोरांशी बोलत उभे राहायचात. आज तसं नका करू. हे शेवटपर्यंत ऐका.

आज दिवेलागणीला मी तुळशीपाशी वात लावत होते, तर चंद्रा आली. आता तिला चंद्राबाई म्हणायला हवं! यंदा आपल्या शाळेत सहावीचा वर्ग तिच्याकडे आला आहे. तुमचाच वर्ग, तुमचीच खुर्ची, आणि खुर्चीचा तो एक पायही अजून तसाच आखूड. मागे सहा-सात पोरं, प्रत्येकाच्या हातात वही. मला वाटलं, वर्गणी मागायला आली असतील. मी आधीच मनात नाही म्हणून टाकलं.

पण वर्गणी नव्हती. सहावीचा वर्ग शाळेचं हस्तलिखित काढणार आहे. कोणी शाळेच्या विहिरीचं पान लिहितोय, कोणी पहिल्या हेडगुरुजींचं. चंद्रा म्हणाली, "बाई, नकाशाचं पान तुमच्याकडून घ्यायचं आहे. गुरुजींची पूर्णा उलटी कशी वाहिली, ते तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय? तुमच्याच दारात आली होती ना ती!"

पोरं हसली. मीही हसले. आणि म्हटलं, "उद्या या, सांगते."

खरं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण जे सांगायचं आहे ते आधी तुमच्या कानावर घालायला हवं. नवऱ्याला न सांगता गावाला सांगणं बरं दिसत नाही.

तुम्हाला आठवतं का हो, तो नकाशा कशातून निघाला? आपलं वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, राजधानी नागपूरची मुंबई झाली, ते साल. वर्गाच्या भिंतीवरचा कापडी नकाशा एका दिवसात जुना झाला. तुम्ही अकोल्याला दोनदा जाऊन आलात, नवा नकाशा आलेला नाही म्हणून हात हलवत परत. दुसरा एखादा मास्तर म्हणाला असता, नाही तर नाही. तुम्ही काय म्हणालात? "कागदावर मिळत नाही तर जमिनीवर करू. सहावीची पोरं करतील. आपलं वऱ्हाड आपल्या अंगणात!"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथंच थांबलं. कारण तुमच्या वर्गाचं कुठलंही काम निघालं की त्याचं सामान माझ्या घरातून जायचं!

खोटं सांगते का मी? पाऊस मोजायला माझी लोणच्याची बरणी गेली. धान्यांचे नमुने ठेवायला औषधाच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या गेल्या. मंदिराच्या खांबाची सावली मोजायला माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली, आणि आली ती गाठी मारून. मी एका जुन्या वहीत लिहून ठेवायची, काय गेलं, काय आलं. जाण्याची बाजू पानभर, येण्याची बाजू चार ओळी.

आणि ते टपाल कार्यालय! सहावीच्या पोरांना पत्रलेखन शिकवायचं म्हणून माझा तुपाचा डबा लाल रंगवून शाळेच्या पडवीत टांगलात. पोरांनी एकमेकांना पत्रं लिहायची, पोस्टमन झालेल्या पोरानं वाटायची. एक दिवस तो पोस्टमन आपल्या दारात. "मास्तरीनबाई, तुमचं टपाल हाये." पाहते तर काय! "माननीय गुरुजीनबाई यांस साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की गुर्जी पाचव्या तासाले डुलकी घेतात. तरी त्यायले दुपारी कमी जेवू घालावे. कळावे." खाली सही नाही! मीही उत्तर धाडलं, "जेवण कमी होणार नाही. पाचव्या तासाला तुम्ही प्रश्न जास्त विचारावेत." त्यानंतर महिनाभर पोरांनी तुम्हाला डोळा मिटू दिला नाही. तुम्ही म्हणायचात, "वर्ग अचानक भारी जिज्ञासू झाला बुवा!" ती जिज्ञासा कुठून आली, हे आज कळतंय तुम्हाला. घ्या, ही एक लहान कबुली. मोठी पुढे आहे.

शाळेचं अंगण आपल्या घराला लागून, तिथंच नकाशा आखला; त्याला माती लागायची ती पोरांनी आपापल्या वावरातून आणली. टोपली डोक्यावर घेऊन रांगेनं यायची. सातपुड्याला मुरूम, मैदानाला काळी माती, रेल्वेच्या रुळांना कपाशीच्या पराटीच्या काड्या. मूर्तिजापूरला मोठा रूळ आणि शकुंतला गाडीचा लहान रूळ कसे मिळतात यावरून दोन पोरांची हाणामारी झाली आणि तुम्ही त्यांना समोरासमोर बसवून काड्या लावायला लावलंत. बाळापूरचा किल्ला विटांच्या तुकड्यांचा. मोर्णा, काटेपूर्णा, मन या सगळ्या नद्या बोटानं कोरलेल्या, आणि त्यांना पोटात घेणारी पूर्णा चांगली वीतभर रुंद.

चंद्रा तेव्हा बारा वर्षांची. सहावीत मुली तीनच, त्यात ही सगळ्यात बारकी आणि सगळ्यात बोलकी. तिचे वडील किसनभाऊ. तीन एकर वावर, त्यात विहीर, मोटेनं पाणी द्यायचे. त्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. पोरगी शिकलीच पाहिजे, असं चारचौघांत सांगणारा माणूस. आणि तोच माणूस एका सकाळी तणतणत आपल्या दारात आला, चंद्राचे मातीनं बरबटलेले हात धरून.

"मास्तर, हे काय हाये?"

"नकाशा करतोय आम्ही, किसनभाऊ."

"म्या पोट्टी चार पुस्तकं वाचाले धाडली, माती कालवाले नाई. माती आमच्या सात पिढ्यायनं कालवली. त्याच्यासाठी शाळा कायले पायजे? तिकडं कापसाच्या वेचनीले मानसं भेटून नाई राहिले. कालवाचीच असन त आपल्या वावरातली कालवन. नाव काटा तिचं."

मी आत उभी होते. त्या माणसाचं काय चुकलं होतं? मातीतून वर काढायला पोर शाळेत घातली, आणि शाळेनं तिला मातीच दिली!

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "रविवारी सगळ्या आई-बापांना बोलावलंय. नद्यांतून पाणी सोडणार आहोत. तुम्ही या, पाहा. तरीही वाटलं की ही नुसती माती आहे, तर मी माझ्या हातानं नाव कमी करीन."

"रविवारलोक थांबतो," किसनभाऊ म्हणाले. "पन मी बोललो ते बोललो."

 चंद्रा तुमच्याकडे पाहत राहिली. त्या आठवड्यात ती पोर सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या मागून जायची. तिला ठाऊक होतं, रविवारी काय ठरणार आहे ते. तुम्हालाही ठाऊक होतं. मलाही.

आता ती परात. माझ्या आईनं अमरावतीहून पाठवलेली, पितळेची, कुळधर्माच्या पुरणाची. मी देवळात गेले होते तेवढ्यात तुम्ही ती उचललीत आणि त्यात शेण, भुसा आणि माती कालवलीत! मी आल्यावर तुमचं तोंड पाहण्यासारखं होतं. "अगं, शेण पवित्रच की!" म्हणालात. पवित्र असेल, पण पुरणाच्या परातीत? आणि तळाला पोचा आला होता तो? तोही पवित्रच का?

मी अबोला धरला. बुधवारपासून. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, बोलायचं नाही. तुम्ही दोनदा विनोद केलात. मी हसले नाही, हसू आलं तरी.

शनिवारी संध्याकाळी नकाशा पुरा झाला. तुम्ही मला बोलवायला आलात. पायाला चिखल, डोळ्यांत नवरदेवासारखी चमक. "चल ना, एकदा बघ. मॅट्रिकला भूगोलात शाळेत पहिली आलीस तू. काही चुकलंय का सांग. उद्या त्या पोरीचं नाव पणाला लागलंय."

मी आले. पदर खोचून नकाशाभोवती एक फेरी मारली. सुंदर झाला होता हो! मनातल्या मनात मी सातपुड्याला हातसुद्धा जोडले. आणि मग मी पूर्णेशी आले आणि थांबले.

पूर्णा पश्चिमेला वाहते. तुम्ही होकायंत्र लावून दिशा अगदी बरोबर धरल्या होत्या. अमरावतीची बाजू पूर्वेला, आपल्या घराकडे. पण शाळेचं अंगण उतरतं कुठं? आपल्याच घराकडे! दर पावसाळ्यात शाळेचं सगळं पाणी आपल्या उंबऱ्याशी यायचं. तुम्ही वर्गात असायचात, तुम्हाला कधी कळलं नाही. मी उंबऱ्यापुढं मातीचा बांध घालायची आणि दर श्रावणात तो पुन्हा लिंपायची. त्या अंगणाचा उतार माझ्या हातांना पाठ होता. पाहताक्षणी मला कळलं, उद्या या नदीत पाणी ओतलं की ते पश्चिमेला चढणार नाही. उलटं येईल.

तुम्ही विचारलंत, "काय? आहे का काही?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? मास्तर तुम्ही."

एवढंच. एवढंच बोलले आणि घरात येऊन तांदूळ निवडायला बसले.

तुम्ही म्हणाल, तुला पोरीचं काहीच कसं वाटलं नाही? खरं सांगू? त्या घटकेला ती माझ्या डोक्यातच नव्हती. डोक्यात परात होती. गावापुढं तुमची थोडी फजिती होऊ दे, म्हणजे पुन्हा माझ्या भांड्यांना हात लावणार नाही, एवढाच विचार. रात्री हरिपाठाला बसले तेव्हा चंद्राचे ते बरबटलेले हात आठवले. तेव्हा उठून सांगायला हवं होतं. पण अबोला आपणहून कसा मोडायचा? हा माझा मान! मी माळ पुढं ओढली आणि गप्प राहिले.

रविवारी सकाळी सगळं गाव लोटलं. बायका माझ्या दारापाशी, पुरुष पडवीत, हेडगुरुजी काळा कोट घालून. त्यांना हा सगळा खेळ आधीपासूनच नापसंत. किसनभाऊ खांद्यावर पावडं टाकून आले होते, वावरातून तसेच. "झालं की परत जातो," म्हणाले.

तुम्ही भाषण केलंत. मग एका पोरानं पूर्वेच्या टोकाला बादली ओतली. "ही आपली पूर्णा! आता ती पश्चिमेला..."

पूर्णा दोन बोटं पुढं गेली. थांबली. जरा विचार केल्यासारखी तिथंच फिरली. आणि वळून, अमरावती बुडवत, बडनेऱ्याच्या काड्या वाहून नेत, सरळ माझ्या पायाशी आली!

 आणि पडवीतून किसनभाऊंचा आवाज आला, "मास्तर, तुमची पूर्णा त नागपूरले चालली!"

काय हसलं गाव! कोणीतरी म्हणालं, "राज्य सुटलं, पन नदी काई नागपूर सोडत नाई." किसनभाऊ म्हणाले, "म्या दसऱ्याले जाऊन आलो, आता ही निघाली." हेडगुरुजींनी कोटाची बटणं लावली. तुम्ही उभे होतात, हातात छडी, तोंडावर ते केविलवाणं हसू. माझ्या पायाची बोटं त्या पाण्यात भिजलेली. गंगेत उभं राहून पाप धुतलं जातं म्हणतात. मी त्या वीतभर पूर्णेत उभी राहून ते अंगावर चढताना पाहिलं.

कारण हसण्याच्या मधोमध चंद्रा उभी होती. रडत नव्हती. पाण्याकडे पाहत होती.

आणि मग ती सगळ्यांवरून ओरडली, "बा! हसून काहून राहिला? आपल्या वावरात बी पाणी असंच उलटं पयत होतं ना मांगल्या साली? तू काय केलं होतं?"

किसनभाऊंचं हसू अर्ध्यावर राहिलं. "काय करतो? वरची बाजू भरली, खालची खोदली."

"मंग सांग न गुर्जीले! त्यायले थोडीच येते मोटीचं पानी देनं!"

पुन्हा हशा! पण आता हसण्याची चव बदलली होती. तुम्ही छडी खाली ठेवलीत, किसनभाऊंपुढं जाऊन हात जोडलेत आणि म्हणालात, "खरंच येत नाही. शिकवा."

अहो, त्या क्षणी तुम्ही मला जितके आवडलात तितके लग्नात अंतरपाट सरला तेव्हाही आवडला नव्हतात. हे कधी सांगितलं नाही. तेव्हा अबोला होता ना!

किसनभाऊ नकाशाशी गेले. गुडघे टेकले, चांगले आडवे झाले आणि गाल जमिनीला लावून एका डोळ्यानं पाहिलं. "चार बोटं चढ हाये. लय नाई." मग उठले आणि पावडं चालवलं. बाकीचे बापही धोतर वर खोचून उतरले. सातवीची पोरं हसायला आली होती, ती टोपल्या वाहू लागली. हेडगुरुजींचा कोट खुंटीला गेला! ज्या अंगणात निकाल लागायचा होता तिथं कामच निघालं. एक जण म्हणे, काटेपूर्णा इकडून नाही, माझी बहीण दिली आहे तिथं. दुसरा म्हणे, मनेला एवढं वळण नाही, मी रोज ओलांडतो. तुम्ही पाटी घेऊन नुसते लिहून घेत होतात. सहावीच्या वर्गात त्या दिवशी बाप बसले होते!

दुपार कलली तेव्हा पूर्णा पुन्हा तयार झाली. शाळेच्या बादल्या चिखलानं भरलेल्या. तुम्ही इकडं-तिकडं पाहिलंत. मी घरात गेले, देवाशेजारची पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि आणून चंद्राच्या हातात दिली. "घे, तू ओत."

शेजारच्या बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. दीक्षा घेतलेल्यांच्या पोरीच्या हातात सोवळ्याची घागर! लोक म्हणतात मास्तरीनबाईंनी मोठं मन दाखवलं. मोठं मन कुठलं? मी त्या पोरीचं काहीतरी देणं लागत होते आणि हाताशी तेवढंच होतं. दुसऱ्या दिवशी ती घागर मी चिंच लावून तीनदा घासली, हेही ऐकून ठेवा. तिसऱ्या वेळी माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर चंद्रा येईल तेव्हा त्याच घागरीतलं पाणी प्यायची, हे मात्र तुम्ही पाहिलंत.

तर चंद्रानं पाणी ओतलं. आणि पूर्णा निघाली हो, पश्चिमेला! काटेपूर्णा येऊन मिळाली, मोर्णा मिळाली, मन मिळाली. चंद्रा काठाकाठानं चालत नावं घेत होती, वही न पाहता. लोक विचारू लागले. "बाळापूर कोन्या नदीवर?" "मनेवर." "मूर्तिजापूरहून अचलपूरले कोन्ती गाडी?" "शकुंतला." पोर घसा ताणून सांगत होती, आणि तिचा बाप पावड्यावर हनुवटी टेकून ऐकत होता.

मग त्यांनी विचारलं. आवाज करडाच. "चंद्रे, आपल्या विहिरीचं पानी कोन्या नदीचं?"

सगळे थांबले. तुम्हीही. मला वाटलं, आता काहीतरी नाव ठोकून देईल आणि सुटेल.

ती म्हणाली, "माहीत नाई, बा. पाहा लागन."

तुम्ही म्हणालात, "मलाही माहीत नाही."

 किसनभाऊंनी पावडं खांद्यावर टाकलं. "ठोकून नाई देल्लं, हे चांगलं केलं. मंग पाहा आन मले सांगा. तोपर्यंत नाव राहू द्या."

तो प्रश्न सुटला कधी? सहावीची पोरं गावातल्या विहिरी मोजत फिरली. गाठी मारलेली माझी दोरी विहिरीत सोडायची, पाणी किती गाठींवर ते लिहायचं, नदीचं पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. माघात एक उत्तर यायचं, चैत्रात ते खोटं ठरायचं. किसनभाऊ नवा प्रश्न काढायचे. चंद्रा सहावी पास झाली, सातवी झाली, प्रश्न चालूच! मला वाटायचं, काय चिकट माणूस आहे हा.

आणि मग एकदा मी दाराआडून ऐकलं. किसनभाऊ हळूच तुम्हाला सांगत होते, "मास्तर, मांगचा सवाल सरला. घरी म्हातारी बोंबलून राहिली, पोट्टी वेचनीले पायजे म्हनते. एखादा लंबा सवाल सांगा ना. हायस्कूललोक पुरला पायजे." आणि तुम्ही दोघं तोंडावर हात धरून हसत होतात. लबाड कुठले!

चंद्रा अकोल्याला हायस्कुलात गेली, ट्रेनिंग करून आली. किसनभाऊ आता पडवीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमची पोट्टी मास्तरीन हाये, अन् तिच्या मास्तरले पानी देनं म्या शिकवलं."

आता मोठी कबुली. त्या दिवसानंतर दरवर्षी सहावीच्या नव्या वर्गाला तुम्ही ही गोष्ट सांगायचात. आणि दरवर्षी गोष्टीतला मूर्ख तुम्हीच! "तुमच्या गुरुजीला अंगणाचा उतार कळला नाही बरं का!" पोरं खिदळायची. मी भिंतीपलीकडे भाकरी थापत ऐकायची. गेल्या पौषात अकोल्याच्या दवाखान्यात, दम लागलेला असताना, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तीच गोष्ट सांगितलीत. मी उशाशी बसलेली. "माझी एक चूक, पण किती कामाला आली!" म्हणालात. माझ्या जिभेवर आलं होतं, ती तुमची एकट्याची नव्हती हो. पण तुम्ही इतक्या आनंदात होतात. मी पाण्याचा पेला पुढं केला.

देवाजवळ मी हे कधीच बोलून टाकलं होतं. देवाला सांगणं सोपं असतं. तो उलट विचारत नाही, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?" तुम्ही विचारलं असतंत. विचारा आता. उत्तर आहे माझ्याकडे, लाज वाटण्यासारखं आहे, पण आहे: मी रुसले होते. एवढंच.

तुम्ही रागावाल असं मला वाटत नाही. उलट टाळी देऊन म्हणाल, "म्हणजे तू सांगितलं असतंस तर किसनभाऊ शिकवायला आलेच नसते!" म्हणाल ना? पण तसं म्हणून मला सोडू नका. पाणी उलटं गेलं आणि भलं झालं, ती त्या पोरीची हुशारी. मी गप्प बसले ते गप्पच बसले.

म्हणून माझं तुम्हाला वचन. सकाळी चंद्राची पोरं वह्या घेऊन येतील. त्यांना मी हे सगळं सांगणार आहे, परातीपासून. चंद्रासमोर, तिच्या डोळ्यांत पाहून. तिला राग आला तर येऊ दे, तिचा हक्क आहे. हस्तलिखिताच्या त्या पानावर यापुढं असं लिहिलं जाईल, की अंगणाचा उतार गुरुजींना माहीत नव्हता, गुरुजींच्या बायकोला माहीत होता. आणि पान लिहून झालं की मी घरी बसून राहणार नाही. पोरांच्या मागे मागे वर्गात जाऊन बसेन. फळ्यावर काही चुकलेलं दिसलं, तर हात वर करून तिथंच सांगेन, तो फळा चंद्राचा असला तरी.

रुसले असले तरीसुद्धा.

तुमची,
कुसुम